घरोघरी असावी संकटकाळची पिशवी

नागपूरला समुद्र नाही, शहरातून वाहणारी नाग नदी एरवी नाल्याहून मोठी दिसत नाही आणि भूकंपाचे भयही येथे कोयना खोऱ्याइतके नाही. त्यामुळे नैसर्गिक आपत्ती ही इतरांच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे, अशी या शहराची बरीच वर्षे समजूत होती. वास्तविक याच जिल्ह्यातील नरखेड तालुक्यात, मोवाड येथे, ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने २०४ माणसांचा बळी घेतला होता. परंतु मोवाड दूर होते आणि काळ लोटला तशी आठवणही पुसट झाली.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेपूर्वी मात्र पाणी शहराच्या मध्यवस्तीत शिरले. गणेशोत्सवाचे दिवस होते. मध्यरात्रीनंतर सुरू झालेल्या ढगफुटीसदृश पावसाने अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरची मर्यादा ओलांडली. एकोणिसाव्या शतकात शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला व नाग नदीने काठ सोडला. अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउट, शंकरनगर या सुस्थित वस्त्यांतील तळमजल्यांवर माणसे झोपेत असतानाच पाणी चढले. मोरभवन बसस्थानकावरील गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. राष्ट्रीय व राज्य आपत्ती प्रतिसाद दलांना आणि सैन्यदलाच्या तुकड्यांना पाचारण करावे लागले. मूकबधिर विद्यार्थ्यांच्या शाळेतील मुलांना बचाव पथकांनी सुखरूप बाहेर काढले. शहरात मनुष्यहानी झाली आणि सुमारे दहा हजार घरांना पुराची झळ पोहोचली.

या प्रसंगातून नागरिकांनी घ्यावयाचा बोध अगदी साधा आहे. पाणी घरात शिरल्यानंतर सामानाची जुळवाजुळव करण्यास वेळ मिळत नाही. वीज गेलेली असते, कपाटे पाण्याच्या दाबाने उघडत नाहीत, आणि औषधाची डबी नेमकी कोठे आहे हे घरातील एकाच व्यक्तीला ठाऊक असते. म्हणून प्रत्येक कुटुंबाने एक पिशवी आधीच भरून ठेवावी. पहिले दोन-तीन दिवस बाहेरच्या मदतीवाचून निभावता यावेत, एवढाच तिचा हेतू. महागडे साहित्य त्यासाठी लागत नाही. परदेशी याद्यांमध्ये दिसणारी डबाबंद मांसान्ने, तंबू आणि होकायंत्र यांचा धरमपेठेतील किंवा इतवारीतील गृहस्थाला फारसा उपयोग नाही.

प्रारंभ पाण्यापासून करावा, कारण हिशेब तेथेच चुकतो. पिण्यासाठी व किमान वापरासाठी माणशी दररोज तीन लिटर पाणी धरले, तर चौघांच्या कुटुंबास तीन दिवसांकरिता ३६ लिटर लागेल. त्याचे वजन ३६ किलो होते. एवढा भार घेऊन गुडघाभर पाण्यातून कोणी चालू शकत नाही. तेव्हा पिशवीत माणशी एक लिटरची बाटली ठेवावी आणि उरलेला साठा झाकणाच्या कॅनमध्ये घरातच उंचावर असू द्यावा, म्हणजे वरच्या मजल्यावर अडकून पडल्यास तो कामी येईल. सोबत पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनच्या गोळ्या असाव्यात. गोळी किती पाण्यास पुरते हे वेष्टनावर लिहिलेले असते. ती टाकल्यावर निदान अर्धा तास थांबणे आवश्यक आहे. पुराच्या पाण्यात गटारांचे पाणी मिसळलेले असते, ही गोष्ट नाग नदीकाठच्या रहिवाशांस सांगावयास नकोच. अशा पाण्यात गोळी टाकून ते प्यावे असे कोणी समजू नये. गोळी ही विहिरीच्या वा टाकीच्या, दिसण्यात स्वच्छ असलेल्या पाण्यासाठी होय.

खाण्याच्या बाबतीत आपल्या स्वयंपाकघराइतके चांगले भांडार दुसरे नाही. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गूळ, चिक्की, सातूचे पीठ हे पदार्थ शिजवावे लागत नाहीत व पोटाला आधार देतात. फार खारट किंवा तिखट चिवडा मात्र टाळावा. त्याने तहान वाढते आणि पाणी तर मोजके असते. जलसंजीवनीची चार-सहा पाकिटे अवश्य ठेवावीत. ती संपल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे प्रमाण घरातील प्रत्येकास पाठ असावे. मीठ जास्त झाल्यास ते अपायकारक ठरते.

औषधांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. रक्तदाब, मधुमेह, अपस्मार, दमा या विकारांची औषधे एक दिवसही खंडित होता कामा नयेत. आठवडाभराचा साठा डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या प्रतीसह पिशवीत ठेवावा आणि दर महिन्यास नवी औषधे आणली की जुनी पिशवीतून काढून आधी वापरावीत. इन्सुलिन असे कायमचे पिशवीत ठेवता येत नाही, त्याला थंडावा लागतो. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. पिशवीच्या बाहेरच्या अंगास ठळक अक्षरांत एक चिठ्ठी शिवून टाकावी : ‘इन्सुलिन, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, मोबाईल’. शेवटच्या क्षणी उचलावयाच्या वस्तू एवढ्याच. घाबरलेल्या माणसाची स्मरणशक्ती दगा देते, चिठ्ठी देत नाही.

कागदपत्रांकडे बहुतेकांचे लक्ष फार उशिरा जाते. २०२३ च्या पुरानंतर शासनाने बाधित कुटुंबांना प्रत्येकी १० हजार रुपयांचे तातडीचे साहाय्य जाहीर केले. असे साहाय्य मिळण्यासाठी पंचनामा व्हावा लागतो आणि त्या वेळी ओळख, राहण्याचे ठिकाण व बँक खाते यांचे पुरावे हाताशी असल्यास काम सुकर होते. आधारपत्र, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, घरकराची पावती किंवा भाडेकरार, विम्याची पॉलिसी यांच्या छायाप्रती घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवाव्यात. मूळ कागद याच पाकिटात घालावेत की नाही, याविषयी मतभेद संभवतात. प्रस्तुत लेखकाच्या मते तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पावसाळ्यापुरते तरी ते घालावेत. भ्रमणध्वनीत छायाचित्रे असली तरी त्याची बॅटरी किती वेळ टिकेल याचा भरवसा नसतो. त्याच कारणाने चार नातलगांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहिलेले असावेत, आणि दहा, वीस, पन्नासच्या नोटांत थोडी रोकड असावी. मनोरे बंद पडले की मोबाईलवरून पैसे देता येत नाहीत.

याखेरीज विजेरी, तिचे सुटे सेल, शिट्टी, दहा-बारा मीटर सुती दोर, प्रत्येकी एक कपड्यांचा जोड, चादर, सॅनिटरी पॅड, साबण व प्रथमोपचाराची पुडी एवढे पुरे. यांपैकी शिट्टी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. ओरडून ओरडून माणसाचा आवाज बसतो. शिट्टी लहान मूलही तासन्‌तास वाजवू शकते आणि अंधारात नावेतील जवानाला ती दिशा दाखविते.

पिशवी कोठे ठेवावी हा प्रश्न नागपुरात विशेष विचाराचा आहे. पलंगाखाली ठेवली तर पहिल्या फुटातच ती भिजणार. माळ्यावर ठेवली तर उन्हाळा तिला सोडत नाही. मे महिन्यात या शहराचे तापमान ४७ अंशांच्या पुढे गेल्याची नोंद आहे आणि स्लॅबखालच्या माळ्यावर तर औषधे निकामी होतात, सेल पाझरतात, चिक्की वितळते. तेव्हा दाराजवळच्या खोलीत, ऊन न लागणाऱ्या आतील भिंतीवर, डोक्याच्या उंचीला मजबूत खुंटी ठोकून ती टांगावी. कुलपाच्या कपाटात कदापि नको.

पिशवी उचलण्यापूर्वी विजेचा मुख्य खटका बंद करावा. पण त्यासाठी पाण्यात उभे राहावे लागत असेल तर त्याला हात लावू नये. गॅसचा रेग्युलेटर बंद करून, अनवाणी न चालता, काठीने पुढची जमीन चाचपीत बाहेर पडावे. मदतीसाठी ११२ हा क्रमांक असून जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. अग्निशमन दल १०१ वर व रुग्णवाहिका १०८ वर मिळते.

नागपूर हे देशातील नागरी संरक्षणाच्या शिक्षणाचे जुने केंद्र आहे. १९५७ साली येथे आपत्कालीन साहाय्याचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था सुरू झाली व तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेली. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही याच शहरात आहे. देशभरातील जवान येथून शिकून गेले. शहरातील किती घरांत मात्र अशी पिशवी खुंटीला आढळेल, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

वर्षातून दोनदा पिशवी रिकामी करून पुन्हा भरावी. रोहिणी नक्षत्र लागले की एकदा, म्हणजे मृगाच्या आत काम होते, आणि दुसऱ्यांदा दिवाळीच्या साफसफाईत. फुटाण्यांना वास लागला आहे काय, गोळ्यांची मुदत टळली आहे काय, विजेरी पेटते काय आणि मुलांचे कपडे अजून त्यांना होतात काय, एवढे पाहण्यास अर्धा तास पुरतो.