किलो माझा, ओढ पृथ्वीची

लातूर पॅटर्नचं नाव निघालं की आमच्या नांदेडच्या आयांचे डोळे चमकतात. लेक डॉक्टर व्हावी म्हणून पोटाला चिमटा घेऊन तिला क्लासला घालायचं. आणि तीच लेक दहावीत ‘गुरुत्वाकर्षण’ आलं की अडखळते. ‘मला फिजिक्स जमतच नाही’ म्हणून मोकळी होते. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुलींचं बघते ना, गणित त्यांना येतं. घोळ होतो तो ‘वजन’ या शब्दाचा.

घरात आपण एकाच शब्दावर भागवतो. तुरीचं पोतं पन्नास किलो, माझं वजन पन्नास किलो. पेपरात असं लिहिलं की मार्क गेला! विज्ञानात पन्नास किलो हे वस्तुमान, म्हणजे आपल्यात पदार्थ किती भरलाय ते. वजन म्हणजे त्याला पृथ्वी किती जोराने ओढते ते, आणि ते मोजायचं न्यूटनमध्ये. दर किलोमागे ओढ साधारण ९.८ न्यूटन. पुस्तकातला ‘जी’ तो हाच. पन्नास किलोच्या बाईचं वजन झालं ४९० न्यूटन.

आता मैत्रिणींनो, अंगणवाडीतला झोळीचा काटा आठवा. बाळाला टांगलं की स्प्रिंग ताणते, काटा आठ किलोवर थांबतो. हाच काटा चंद्रावर नेला तर? तिथली ओढ इथल्या सहाव्या हिश्शाएवढी. काटा दीड किलोही दाखवणार नाही. मग बाळ कुपोषित झालं का? मुळीच नाही. गाल तेच, मांड्या त्याच, वस्तुमान आठ किलोच! भाजीवालीचा तराजू मात्र तिथेही आठ किलोच सांगेल, कारण दोन्ही पारड्यांवरची ओढ सारखीच कमी झालेली.

चंद्रच कशाला, आपलं लातूर घ्या. ते बालाघाटच्या पठारावर, नांदेड गोदाकाठी, अडीचशे मीटरहून जास्त खाली. उंचावर ओढ किंचित कमी. लातूरला जुळवलेल्या स्प्रिंगच्या काट्यावर क्विंटलभर तूर नांदेडला हिशेबाने दहा-बारा ग्रॅम जास्त भरेल. दाणा एकही न वाढता! साध्या काट्यावर हे दिसायचं नाही, पण सोनं तोलणाऱ्या नाजूक इलेक्ट्रॉनिक काट्यावर फरक पडतो. म्हणून असे काटे जिथे वापरायचे तिथेच प्रमाणित वजनं ठेवून जुळवून घेतात.

झोळीचं हे उदाहरण ऐकून एक पोरगी पटकन म्हणाली, ‘म्हणजे काकू, किलो माझा आणि ओढ पृथ्वीची!’ पुढची गणितं तिने न विचारता सोडवली.

म्हणून सांगते, लेक अडली की ‘मला काय कळतंय त्यातलं’ म्हणून उठून जाऊ नका. तराजू, काटा, झोळी, सगळं आपल्या हाताखालून गेलंय. तिच्याजवळ बसा आणि एवढंच विचारा, ‘बाई गं, चंद्रावर तुझे किलो किती आणि न्यूटन किती?’