चाकांची फेरपालट

बारामती-इंदापूरकडच्या शेतकऱ्याला 'फेरपालट' हा शब्द नव्याने शिकवावा लागत नाही. उसाचा खोडवा निघाला की त्याच रानात लगेच पुन्हा ऊस न लावता मध्ये हरभरा किंवा सोयाबीन घ्यावे, म्हणजे जमिनीचा कस टिकतो, ही गोष्ट नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या पिढ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. हाच शब्द मोटारीच्या चाकांना लावण्याची मुभा आम्ही घेतली आहे. 'टायर रोटेशन' म्हटले की चाक गरगर फिरवण्याची काही क्रिया असावी, असे ऐकणाऱ्याला वाटते; आणि चाक तर जन्मभर फिरतच असते! पुढची चाके मागे आणि मागची पुढे, ठरलेल्या क्रमाने बदलणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. हे काम विजेच्या मोटारीच्या मालकाने आपल्या दारात, आपल्या हाताने करावे काय, आणि करावयाचे तर कसे, हा आजचा विषय.

विजेच्याच मोटारीचा विषय का घेतला, ते प्रथम सांगितले पाहिजे. पूर्वी मोटार बाळगणारा गृहस्थ रविवारी सकाळी बॉनेट उघडून उभा राहत असे. तेलाची काडी पाहणे, प्लग पुसणे, पंख्याचा पट्टा चाचपणे, ही त्याची हौस होती आणि गरजही होती. विजेच्या मोटारीने ही सगळी कामे एकदम काढून घेतली. तेल नाही, प्लग नाही, धूर नाही. बॉनेटखाली पाहावे तर नारिंगी रंगाच्या जाड तारा. त्यांत शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि त्यांना घरच्या माणसाने हात लावावयाचा नसतो. मालकाच्या हाताला येईल असे मोठे काम उरले ते बहुतांशी चाकांचेच. आणि गंमत अशी, की नेमकी चाकेच या मोटारीत अधिक झिजतात.

कारण उघड आहे, पण थोडे समजावून घेण्यासारखे आहे. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या कारखान्यात तयार होणारी टाटांची नेक्सॉन घ्या. तिची विजेवरची आवृत्ती २०२० च्या जानेवारीत बाजारात आली. तिचे वजन सुमारे १४०० किलो, म्हणजे तिच्या पेट्रोलवाल्या बहिणीपेक्षा शे-दीडशे किलोंनी जास्त. हा भार बॅटरीचा. शिवाय विजेची मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर देते. त्या पहिल्या आवृत्तीत हा पीळ २४५ न्यूटन-मीटर होता. पेट्रोलच्या इंजिनाला जोर धरण्यासाठी आधी वेग घ्यावा लागतो; विजेच्या मोटारीला दम घ्यावा लागत नाही. तेवढ्या क्षणी रस्त्याला घट्ट धरून राहण्याचे काम हाताच्या पंज्याएवढ्या रबराच्या ठशावर येऊन पडते.

पण खरी मेख तिसऱ्याच गोष्टीत आहे. सायकलला डायनामो लावून अंधारात सायकल चालवलेले श्रोते अजून पुष्कळ असतील. डायनामो टायरला टेकवला की दिवा लागतो आणि पायडल जड होते. विजेच्या मोटारीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरचाच असा डायनामो होतो. वीज परत बॅटरीत जाते आणि गाडी मंदावते. ही सोय उत्तम आहे, यात शंका नाही. परंतु ही मंदावण्याची ओढ चारही चाकांवर सारखी पडत नाही. ज्या चाकांना मोटर जोडलेली आहे त्यांच्यावरच ती पडते. नेक्सॉनची मोटर पुढच्या चाकांना आहे. म्हणजे गाडी ओढायची पुढच्या चाकांनी, वळवायची पुढच्या चाकांनी, आणि बरेचसे थांबवायचेही त्यांनीच. उसाचा गळीत हंगाम चालू असताना भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी असे करीत इंदापूरला जाऊन पाहावे. दर मैलाला उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली पुढे येते. पाय उचला, मागे रांगा, संधी मिळताच दाबा, पुन्हा उचला. त्या ५० किलोमीटरांत मागची चाके नुसती सोबत येतात.

आता हिशेब. नव्या टायरच्या नक्षीची खोली ८ मिलिमीटर धरू. कायद्याने ती १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. टायरच्या खाचेत त्या उंचीचा एक छोटा उंचवटा असतो, नक्षी झिजून त्याला टेकली की टायर संपला. वापरावयास राहिले ६.४ मिलिमीटर. पुढचा टायर १०,००० किलोमीटरला २ मिलिमीटर झिजतो आणि मागचा १, असे केवळ उदाहरणासाठी मानू. मग पुढची जोडी ३२,००० ला संपेल आणि मागची ६४,००० ला. ६४,००० किलोमीटरांत पुढचे चार आणि मागचे दोन, असे सहा टायर खर्ची पडले. फेरपालट केली तर चारही टायर सरासरी दीड मिलिमीटराने झिजतील आणि सुमारे ४२,७०० किलोमीटरला एकदम संपतील. त्या मानाने ६४,००० किलोमीटरांत दीड संच लागेल, म्हणजे पुन्हा सहाच टायर!

फेरपालटीने टायर वाचतात, असे जे सरसकट सांगितले जाते ते या हिशेबापुढे टिकत नाही. जमिनीची उपमा येथे लंगडी पडते. हरभऱ्याने जमिनीचा कस परत येतो; मागे गेलेल्या टायरला नवे रबर फुटत नाही. एका जागी राहिलेला टायर वाकडातिकडा झिजून अकाली टाकावा लागतो, ते टळते, एवढी बचत खरी. मग ही खटपट कशासाठी? ती पकड सारखी राहावी म्हणून. फेरपालट न करणारा माणूस पुढचे दोन टायर गुळगुळीत झाले की दोनच नवे आणतो आणि पुढे बसवतो. आता पुढे नवे आणि मागे जुने. मृगाचा पहिला पाऊस पडला, उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ यांचा राब झाला, आणि वळणावर पुढची चाके धरून राहिली पण मागची घसरली, तर गाडी स्वतःभोवती फिरते. असे फिरणे भल्या चालवणाऱ्यालाही सावरत नाही. चारही टायर बरोबरीने झिजले तर ही वेळ येत नाही. म्हणून आम्ही वर्षातून दोन मुहूर्त सुचवतो: एक मृग निघण्यापूर्वी आणि एक दिवाळीनंतर, गळीत हंगाम रंगात येण्याआधी. किलोमीटरांत सांगायचे तर दर ८ ते १० हजारांनी.

क्रम कोणता? गाडीत बसलेल्याच्या हाताने डावे-उजवे धरावे आणि खडूने टायरवर अक्षरे लिहावीत. पुढचे डावे अ, मागचे डावे ब, पुढचे उजवे क, मागचे उजवे ड. मोटर पुढच्या चाकांना असेल तर पुढची चाके सरळ मागे जातात आणि मागची चाके बाजू बदलून पुढे येतात. म्हणजे अ हा ब च्या जागी, ब हा क च्या जागी, क हा ड च्या जागी आणि ड हा अ च्या जागी. मुळाक्षरांचा क्रम पाठ असला की झाले. चार वेळा फेरपालट केली की प्रत्येक टायर चारही घरे फिरून आपल्या मूळ घरी येतो. मोटर मागच्या चाकांना असेल, जशी चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रांच्या बी.ई. ६ या २०२४ च्या नोव्हेंबरात जाहीर झालेल्या गाडीला आहे, तर हीच साखळी उलटी फिरवावी: अ हा ड च्या जागी, ड हा क च्या, क हा ब च्या, ब हा अ च्या.

दोन अपवाद ध्यानात ठेवावेत. टायरच्या बाजूवर बाण कोरलेला असेल तर तो टायर एकाच दिशेने फिरण्यासाठी आहे. त्याने बाजू बदलू नये, पुढे-मागे एवढेच करावे. आणि काही गाड्यांना पुढचे व मागचे टायर वेगळ्या मापाचे असतात. तेथे पुढे-मागेही चालत नाही. ज्यांनी जुन्या काळी रेडियल टायर कधीही आडवे बदलू नयेत असे ऐकले असेल, त्यांचे ऐकणे खोटे नव्हे. तेव्हाचा सल्ला तसाच होता. आता बाण नसलेल्या टायरना ती बंदी नाही.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारले, की घरी एकच जॅक असतो. मग दोन चाके एकाच वेळी कशी काढणार? प्रश्न मार्मिक आहे, आणि त्याचे उत्तर स्टेपनीत आहे. अ काढून तेथे स्टेपनी बसवावी. मग ब काढून तेथे अ, क काढून तेथे ब, ड काढून तेथे क, आणि शेवटी स्टेपनी काढून तेथे ड. गाडी पाच वेळा उचलावी लागते खरी, पण कोणत्याही क्षणी एकच चाक अधांतरी असते. ज्यांच्या गाडीला स्टेपनी नाही, नुसते पंक्चर काढण्याचे सामान दिलेले आहे, त्यांनी भक्कम जॅक स्टँड असल्याशिवाय घरी हा उद्योग करू नये, टायरवाल्याकडे जावे. विटांच्या चळतीवर गाडी टेकवणारे वीर आम्ही पाहिले आहेत. वीट सांगून फुटत नाही.

उचलणे हाच या कामातील धोक्याचा भाग. आमच्याकडची काळी माती वरून कितीही टणक दिसली तरी जॅकचा पाय तीत रुततो. पहिल्या खेपेस आम्ही खाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला होता. तो मधोमध तडकला आणि जॅक कलला. तेव्हा चाक काढलेले नव्हते म्हणून निभावले. काँक्रीटची सपाट जागा उत्तम. नाहीतर दीड-दोन इंच जाडीची रुंद फळी घ्यावी. विजेच्या मोटारीचा तळ म्हणजे बहुधा बॅटरीची पेटीच असते. जॅक तिला लावला तर पत्रा चेपतो आणि आतील घटांना इजा पोहोचते. त्यातून आग लागण्याचा संभव असतो. म्हणून दाराखालच्या कडेला कारखान्याने खूण केलेल्या जागीच जॅक लावावा. ती जागा गाडीच्या पुस्तिकेत चित्राने दाखवलेली असते.

गाडी बंद करावी, चार्जिंगची तार काढावी आणि किल्ली घरात नेऊन ठेवावी. ही गाडी चालू असली तरी घरघरत नाही. खिशात किल्ली आणि आत खेळणारे मूल, एवढे जमले तर ती केव्हाही हलू शकते. 'पी' लावले म्हणजे गाडी जखडली, असेही समजू नये. ते कुलूप मोटर जोडलेल्या चाकांपुरते असते, आणि त्यांतील एक चाक अधांतरी झाले की दुसरे फिरू शकते. हँडब्रेक ओढावा, आणि उचलायच्या चाकाच्या कर्णावरील चाकाला दोन्ही अंगांनी दगड लावावेत. बैलगाडी उभी करताना आपले आजोबा हेच करीत असत.

नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करून घ्यावेत. उचलल्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून ढळते. बसवताना हाताने फिरवून सुरुवात करावी आणि शेजारचा नट न आवळता समोरचा आवळावा, म्हणजे चाक सरळ बसते. शेवटचा पीळ चाक खाली टेकल्यावर. तो किती द्यावा हे पुस्तिकेत न्यूटन-मीटरांत दिलेले असते. समजा तो १२० आहे. तर अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाशी साधारण साडेचोवीस किलोंचा भार. पान्यावर उभे राहून उड्या मारल्या तर याच्या दुप्पट-तिप्पट होतो आणि नटाचे आटे जातात. पीळ दाखवणारा पाना मिळतो, तो घ्यावा.

चाक हातात आले की त्याकडे नीट पाहावे. नक्षी मधोमध झिजली असेल तर हवा जास्त होती, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी होती, आणि एकच कड झिजली असेल तर चाकांची रेषा चुकलेली आहे. हा शेवटचा रोग फेरपालटीने बरा होत नाही, चार टायरांत वाटला जातो; त्यासाठी अलाइनमेंटच करून घ्यावी लागते. बाभळीचे काटे मोडून आत राहिलेले असतात, तेही याच वेळी दिसतात. हवा मात्र सकाळी, चाके गार असताना भरावी. पहाटे २० अंश आणि दुपारी ४० अंश, एवढ्या फरकाने तीन-चार पौंड दाब आपोआप वाढतो. पुढच्या-मागच्या चाकांचा दाब वेगळा सांगितलेला असेल तर तो नव्या जागेप्रमाणे करून घ्यावा, हे विसरण्याचा प्रघात फार आहे.

सगळे झाल्यावर ८०-१०० किलोमीटर गेले की नट पुन्हा एकदा पाहावे लागतात. बारामतीहून इंदापूरला जाऊन परत येणे एवढेच ते अंतर आहे. परत आल्यावर चाके गार होऊ द्यावीत, प्रत्येक नटाला पाना लावून पाहावा, आणि टायरवरची खडूची अक्षरे पुसण्यापूर्वी वहीत तारीख, किलोमीटर आणि कोणते चाक कोठे गेले ते लिहून ठेवावे.