परदेशीं शिकलेले डॉक्टर आणि आपला तालुका

पेण आणि रोहा हे रायगड जिल्ह्यांतील तालुके मुंबईपासून फार दूर नाहींत. तरीहि डोंगरावरील एखाद्या कातकरी वाडींत रात्रीं कोणास विंचू डसला, तर मुंबईचे नामांकित डॉक्टर त्याच्या कामीं येत नाहींत. तालुक्याच्या रुग्णालयांत त्या वेळीं जो हजर असेल, तोच त्याचा धन्वंतरी. परदेशीं शिकलेल्या डॉक्टरांकडून देशाची उणीव कितपत भरून निघेल, या प्रश्नाचा विचार या रोग्याच्या दृष्टीनें केला पाहिजे.

परदेशची पदवी आपल्याकडे नवी नव्हे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत त्यांची नेमणूकहि झाली. परंतु काम हातीं घेण्यापूर्वींच, १८८७ च्या फेब्रुवारींत, त्या निवर्तल्या. डॉ. रखमाबाईंनीं लंडन येथें शिक्षण घेऊन सुरत व राजकोट येथें अनेक वर्षें स्त्रियांची शुश्रूषा केली. त्या काळीं विलायतेची पदवी विरळा आणि म्हणून तिचा मानहि मोठा.

आज चित्र पालटलें आहे. सरकारी महाविद्यालयांत जागा अपुऱ्या आणि खाजगी महाविद्यालयांची फी मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरची, म्हणून हजारों मुलेंमुली रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान इत्यादि देशांत जातात. २०२२ सालीं युक्रेनमध्यें युद्ध पेटलें, तेव्हां सरकारनें तेथून सुमारें २२,५०० भारतीयांस परत आणलें. त्यांत बहुसंख्य विद्यार्थीच होते. परदेशी पदवीधरांस येथें व्यवसाय करण्यापूर्वीं २००२ पासून एक चाळणी परीक्षा द्यावी लागते. तिचे गुण ३००, उत्तीर्ण होण्यास १५०. तरीहि बहुधा निम्म्याहून पुष्कळ कमी उमेदवार उत्तीर्ण होतात. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणें तिकडील अभ्यासक्रम निदान ५४ महिन्यांचा असावा लागतो, आणि तिकडे एक वर्ष उमेदवारी केल्यावर येथेंहि बारा महिने ती करावी लागते.

कांहींना ही शिस्त जाचक वाटते, तर कांहींना परदेशी पदवीच संशयास्पद वाटते. चाळणी अवश्य असावी; परंतु परीक्षेनें सर्व कांहीं साधत नाहीं. पुष्कळ रोग जगभर सारखे असले, तरी कांहीं त्या त्या भूमीचेच असतात. कोंकणांतील लाल विंचवाचें विष हृदयावर आघात करतें. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाडजवळील बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रांत आले. रोग्यांच्या उशाशीं बसून त्यांनीं लक्षणें टिपलीं, आणि पुढें रक्तदाब उतरविणारें प्राझोसिन हें औषध वापरून अनेकांचे प्राण वाचविले. लंडनच्या ‘लॅन्सेट’नें त्यांचें संशोधन प्रसिद्ध केलें. या बाबतींत तालुक्यांतलें ज्ञान विलायतेस गेलें!

यावरून एक गोष्ट सुचते. बाहेरून आलेल्या तरुणाच्या त्या बारा महिन्यांतील कांहीं महिने पेण-रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत, अनुभवी डॉक्टरांच्या हाताखालीं जावे. सर्पदंश, विंचूदंश, पावसाळ्यांतील लेप्टोस्पायरोसिस, धाटावच्या कारखान्यांतील अपघात, आणि मुख्य म्हणजे रोग्याची बोली, हीं सर्व त्याला तेथें शिकतां येतील. रुग्णालयासहि मदतीचे हात मिळतील. मात्र अशा उमेदवारास नुसतें राबवून घेऊं नये. त्याला राहण्यास जागा, वेळेवर वेतन आणि शिकविणारा वडीलधारा मिळाला पाहिजे.

ब्रिटनमध्यें एकतृतीयांशाहून अधिक डॉक्टर परदेशांत शिकलेले आहेत, आणि त्यांत भारतीयांची संख्या मोठी आहे. आपण घडविलेले तिकडे जातात, तिकडे घडलेले इकडे येतात. अशा वेळीं केवळ डोकीं मोजून भागणार नाहीं. अलिबाग येथें २०२१-२२ पासून १०० जागांचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें, ही समाधानाची गोष्ट. परंतु डॉक्टर अलिबागेंत शिकलेला असो कीं ताश्कंदमध्यें, तो पेणच्या डोंगरपट्टींत आणि रोह्याच्या खेड्यांत टिकेल अशी व्यवस्था केली, तरच रात्रीं विंचू डसलेल्या त्या रोग्यास त्याचा उपयोग.