निहाली : कुळ न सापडलेली भाषा

मागील घटकात आपण भाषाकुल ही संकल्पना अभ्यासली. मराठी, हिंदी, गुजराती या आर्यभारतीय कुलातील भाषा. कन्नड, तेलुगू, गोंडी या द्राविडी. कोरकू ही मुंडा गटातील, म्हणजेच ऑस्ट्रोआशियाई कुलातील भाषा, असे वर्गीकरण आपण पाहिले. हे वाचताना आपल्या मनात एक प्रश्न आला असेल. जिला भावंडे नाहीत आणि जिचे पूर्वजही ठाऊक नाहीत, अशी एखादी भाषा असू शकते का? असते. तिला भाषाविज्ञानात एकाकी भाषा म्हणतात. पाठ्यपुस्तकांतून तिचे नेहमी दिले जाणारे उदाहरण म्हणजे स्पेन व फ्रान्स यांच्या सीमेवरील बास्क. या घटकापुरते मात्र आपण इतके दूर जाणार नाही. आपल्याच राज्यात, बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली नावाची अशी एक भाषा बोलली जाते.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'पाणी' या अर्थी कोरकूत 'डा' म्हणतात, कन्नडात 'नीरु', तर निहालीत 'जोप्पो'. 'डोळा' या अर्थी कोरकूत 'मेड', कन्नडात 'कण्णु', तर निहालीत 'जिकी'. (वेगवेगळ्या संशोधकांच्या नोंदींत या शब्दांचे उच्चार थोडेफार बदलतात.) पाणी, अग्नी, शरीराचे अवयव, 'मी' आणि 'तू' हे मूलभूत शब्दसंग्रहातील शब्द. भाषा दुसऱ्या भाषेकडून 'टेबल' किंवा 'साबण' सहज घेते. डोळ्याला नवा शब्द सहसा घेत नाही. म्हणूनच कुळाचा शोध याच शब्दांपासून सुरू होतो, आणि निहालीच्या बाबतीत तो याच शब्दांपाशी अडतो.

ग्रिअर्सन यांच्या 'भारतीय भाषा सर्वेक्षणा'चा चौथा खंड १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टेन कोनो यांनी त्यात निहालीचा समावेश मुंडा भाषांबरोबर केला. ही मुळात कोरकूसारखी एक बोली. तिच्यावर आधी द्राविडी आणि मग आर्य भाषांचा प्रभाव पडत गेला, असे त्यांचे मत होते. पुढे सुधीभूषण भट्टाचार्य यांनी १९५७ मध्ये आपल्या क्षेत्रीय नोंदी प्रसिद्ध केल्या आणि त्यांच्या आधारे डच विद्वान एफ. बी. जे. कॉयपर यांनी १९६२ मध्ये निहालीचा तौलनिक अभ्यास मांडला. नोंदलेल्या सुमारे पाचशे शब्दांपैकी जवळजवळ एकचतुर्थांश शब्दांना भारतातील कोणत्याही ज्ञात भाषेत जोड सापडत नव्हती. उरलेल्यांत कोरकूतून आलेल्यांचा वाटा सर्वांत मोठा. द्राविडी शब्द त्याहून बरेच कमी, पण मोक्याच्या जागी. उदाहरणार्थ, 'दोन' ते 'चार' या संख्या 'इरार', 'मोथो', 'नालो' अशा द्राविडी वळणाच्या आहेत. पाचापासून पुढे मात्र आर्यभारतीय शब्द येतात. उत्खननात जसे एकाखाली एक थर लागतात, तसे हे थर आहेत. सर्वांत खालचा थर कोणाचा, हे मात्र कळत नाही.

कॉयपर यांनी एक वेगळी शंकाही उपस्थित केली होती. हे अपरिचित शब्द मुद्दाम घडवलेल्या सांकेतिक भाषेचे तर नसतील? शंका निराधार नव्हती, कारण एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी नोंदींत निहाल लोकांचा उल्लेख लुटारू म्हणून येतो. परंतु आपण लहानपणी बोललेली 'च'ची भाषा आठवा. तिच्यात शब्दाचे रूप बदलते. वाक्याचा सांगाडा, प्रत्यय, सर्वनामांची व्यवस्था मराठीचीच राहते. सांकेतिक भाषा सामान्यतः अशीच, दुसऱ्या भाषेच्या अंगावर वाढते. निहालीत 'मी' या अर्थी 'जो' आहे, कोरकूत 'इञ'. ज्या भाषेचे 'मी'सुद्धा स्वतःचे आहे, तिला उसन्या सांगाड्यावरची गुप्त बोली म्हणणे प्रस्तुत लेखकाला पटत नाही. शिवाय प्रशासकाने एखाद्या समाजाला 'लुटारू' म्हटले, तर त्या नोंदीवरून त्या समाजाच्या भाषेविषयी निष्कर्ष काढताना अभ्यासकाने दुप्पट सावध असले पाहिजे.

आपल्यापैकी पुण्यात राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक जवळचा धागा आहे. येरवड्याजवळील डेक्कन कॉलेज ही भारतीय भाषाविज्ञानाची एक प्रमुख संस्था. 'इंडियन लिंग्विस्टिक्स' हे नियतकालिक चालवणाऱ्या भारतीय भाषाविज्ञान परिषदेचे कार्यालयही तेथेच आहे. याच संस्थेतील शैलेंद्र मोहन यांनी जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा या परिसरातील भाषकांबरोबर काम करून निहालीचे ध्वनिमुद्रण व दस्तऐवजीकरण केले आहे. त्यापूर्वी आशा मुंडले यांनीही निहालांचा व त्यांच्या शब्दसंग्रहाचा अभ्यास केला होता.

निहालीचे भाषक सुमारे दोन हजार मानले जातात, आणि युनेस्कोने तिला अतिसंकटग्रस्त भाषांत गणले आहे. संख्या लहान आहे, हे एक कारण झाले. परंतु बहुसंख्य निहाल पिढ्यानपिढ्या कोरकूंच्या शेतावर मजुरी करीत आले आणि सामाजिक उतरंडीत त्यांच्या खाली राहिले. मालकाशी बोलायला कोरकू, बाजारात हिंदी-मराठी, शाळेत मराठी. निहालीला उरते फक्त घर. त्यात सरकारी नोंदींची भर पडते. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'निहाल' हे नाव कोरकूबरोबर एकाच नोंदीत येते. जनगणनेत १९७१ पासून दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे स्वतंत्रपणे प्रसिद्ध होत नाहीत. अशा रीतीने जिला कुळात स्थान नाही, तिला कागदावरही स्थान उरत नाही.

येथे बास्कशी तुलना उपयुक्त ठरते. फ्रँकोच्या राजवटीत बास्क भाषेवर कठोर निर्बंध होते. त्याही काळात पालकांनी 'इकास्तोला' या बास्क माध्यमाच्या शाळा चालवल्या, १९६८ मध्ये भाषेचे प्रमाण रूप ठरवण्यास प्रारंभ झाला आणि १९७९ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने स्पेनमधील बास्क प्रदेशात तिला सहराजभाषेचे स्थान मिळाले. बास्क माणूस स्वतःला 'एउस्काल्दुन' म्हणवतो. या शब्दाचा मूळ अर्थ 'ज्याच्याजवळ बास्क भाषा आहे तो'. मात्र ही तुलना ताणता येत नाही. बास्क प्रदेशात कारखानदारी होती, शहरे होती, छापखाने होते आणि लाखो भाषक होते. सोनबर्डीच्या शेतमजुराजवळ यांपैकी काहीही नाही. म्हणून बास्कांनी केले ते निहालांनी का केले नाही, हा प्रश्न विचारणे अन्यायाचे ठरेल.

स्वाध्याय : आपल्या घरातील किंवा गावातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीकडून पाणी, अग्नी, डोळा, कान, मी, तू आणि एक ते दहा संख्या यांसाठी बोलीत वापरले जाणारे शब्द लिहून घ्या. उच्चार ऐकू येईल तसाच लिहावा. प्रमाण मराठीनुसार दुरुस्त करू नये. नंतर तेच शब्द घरातील शाळकरी मुलाला विचारा आणि दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवा.