वाळूतील ओलावा आणि वाळूचे माप

गोवंडीतील शिवाजीनगर, बैंगनवाडी यांसारख्या वस्त्यांत लहान घरांच्या बांधकामासाठी वाळू बहुधा घनफळाने घेतली जाते. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. प्रत्यक्ष मिश्रण करताना घमेले हेच माप. या मापनात वाळूचे घनफळ स्थिर असते असे गृहीत धरलेले असते. वस्तुतः ते ओलाव्यानुसार बदलते, आणि हा बदल उपेक्षणीय नाही.

कोरड्या वाळूच्या कणांत परस्पराकर्षण जवळजवळ नसते. रास टिकते ती केवळ घर्षणामुळे. म्हणून तिचा उतार क्षितिजाशी सामान्यतः 30 ते 35 अंशांहून अधिक कोन करीत नाही. थोडे पाणी मिसळताच ही स्थिती पालटते. लगतच्या कणांच्या स्पर्शस्थानी पाण्याचे सूक्ष्म सेतू निर्माण होतात व पृष्ठताणामुळे कण एकमेकांकडे ओढले जातात. पाण्याचा पृष्ठताण 25° सेल्सिअसला सुमारे 0.072 न्यूटन प्रति मीटर असतो. अर्धा मिलीमीटर व्यासाचे दोन गुळगुळीत, गोलाकार कण घेतल्यास त्यांमधील सेतूचे आकर्षण एका कणाच्या वजनाच्या साठपटींहून अधिक भरते. प्रत्यक्ष कण खडबडीत असल्याने ते पुष्कळ कमी होते. तरीही उभी भिंत रचण्यास ते पुरेसे असते.

हे आकर्षण कणाच्या त्रिज्येच्या प्रमाणात वाढते, तर वजन त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात. म्हणून बारीक वाळू ओलाव्याने बांधली जाते. खडी मात्र भिजूनही सुटीच राहते. वाळू पाण्याने पूर्ण भरली की कणांमधील हवा निघून जाते. हवा व पाणी यांमधील पृष्ठभागच न उरल्याने सेतूही लोप पावतात आणि रचना ढासळते. पाणी वाळून गेले तरी परिणाम तोच. मुलांच्या खेळण्यातील घडणशील वाळूत याच अडचणीवर उपाय योजलेला आहे. तिच्यात सुमारे 98 टक्के वाळू व 2 टक्के सिलिकोन तेल असते. हे तेल व्यवहारतः उडून जात नाही, म्हणून सेतू टिकून राहतात.

जे आकर्षण आकार टिकविते, तेच कणांना खाली घसरून दाट बसू देत नाही. परिणामी किंचित ओली वाळू फुगते. वजनाच्या सुमारे 5 टक्के ओलाव्यास हा फुगवटा कमाल होतो. तो साधारणतः 20 ते 40 टक्के असून बारीक वाळूत अधिक असतो. फुगवटा 25 टक्के धरल्यास एक ब्रास ओल्या वाळूत कोरडी वाळू 80 घनफूटच असते. सिमेंट, वाळू व खडी यांचे 1:2:4 असे ठरविलेले प्रमाण प्रत्यक्षात 1:1.6:4 होते. खडीमधील पोकळ्या भरण्यास वाळू अपुरी पडून काँक्रीट सच्छिद्र राहण्याचा संभव वाढतो, आणि तेवढ्याच सिमेंटमध्ये काँक्रीटही कमी निघते.

यावरील परीक्षा सोपी असून भारतीय मानक 2386 (1963) याच्या तिसऱ्या भागात ती दिलेली आहे. भांड्यात दोनतृतीयांशापर्यंत ओली वाळू सैल भरून तिची उंची मोजावी. नंतर वाळू काढून भांडे अर्धे पाण्याने भरावे, तीच वाळू त्यात परत घालून सळईने ढवळावी आणि पृष्ठभाग सारखा करून पुन्हा उंची मोजावी. पूर्ण भिजलेल्या वाळूचे घनफळ कोरड्या वाळूइतकेच असल्याने ही दुसरी उंची खऱ्या मापाची होय. पहिली उंची 20 सेंटिमीटर व दुसरी 16 सेंटिमीटर आल्यास फुगवटा 25 टक्के. तेव्हा चार घमेल्यांच्या जागी पाच घमेली घालावी लागतात.

वाळू वजनाने घेतल्यास चूक केवळ ओलाव्याच्या वजनाएवढी, म्हणजे वरील उदाहरणात सुमारे 5 टक्के राहते. वजनकाटा नसेल तेथे, विशेषतः पावसाळ्यात, प्रत्येक खेपेस ही परीक्षा करणे अगत्याचे आहे. तिला एक भांडे, एक सळई व एक मोजपट्टी एवढेच साहित्य लागते.