नवऱ्याची बँकरप्सी, बायकोचा क्लेम

सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीवर मागून ट्रक आदळतो, बायकोच्या मणक्याला इजा होते. भरपाईसाठी ती वकिलाकडे जाते, तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नांतच एक अनपेक्षित प्रश्न असू शकतो : तुम्ही किंवा तुमच्या नवऱ्याने कधी बँकरप्सी फाइल केली होती का? अपघात तिला झाला, दुखणं तिचं, मग नवऱ्याच्या जुन्या कर्जाचा इथे संबंध काय? अमेरिकेतल्या आपल्या घरांत हा विषय निघाला की आवाज खाली येतो. दिवाळं निघणं म्हणजे अब्रू जाणं, ही समजूत आपण सातासमुद्रापार नेली आहे. आणि घात होतो तो या लपवण्यानेच.

तिथला दिवाळखोरीचा संघीय कायदा 1978 चा. अर्ज दाखल झाला की त्या क्षणी अर्जदाराचं जे काही असेल ते ‘इस्टेट’मध्ये जमा होतं आणि त्यावर देखरेखीला ट्रस्टी बसतो. यात घर, गाडी, बँकेतली शिल्लक येतेच. पण भरपाई मागण्याचा हक्कही येतो, मग दावा अजून कोर्टात गेलेला नसला तरी. म्हणून आधी तारखा पाहायच्या. नवऱ्याचा चॅप्टर 7 चा, म्हणजे असलेली मालमत्ता विकून देणी मिटवण्याचा, अर्ज अपघाताच्या आधीचा असेल, तर नंतर झालेल्या अपघाताच्या दाव्याला तो सहसा आडवा येत नाही. चॅप्टर 13 मध्ये मात्र तीन ते पाच वर्षं हप्ते चालू असतात आणि त्या काळात नव्याने मिळालेली मालमत्ताही इस्टेटीत धरली जाते. ‘ते प्रकरण कधीच मिटलं’ असं म्हणण्याआधी चॅप्टर कोणता होता, हे कागद काढून बघावं.

त्यानंतर प्रश्न येतो राज्याचा, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. एडिसनमध्ये, म्हणजे न्यू जर्सीत, बायकोच्या इजेचा दावा तिचा एकटीचा. नवऱ्याने एकट्याने अर्ज केला म्हणून तो इस्टेटीत जात नाही. पण बायकोच्या सहवासाला आणि मदतीला मुकल्याबद्दल नवऱ्यालाही स्वतंत्र भरपाई मागता येते. तिथले वकील त्याला ‘पर क्वाड’ म्हणतात. अपघातानंतर त्याने अर्ज केला असेल, तर हा हिस्सा ट्रस्टीकडे जातो.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला राहणाऱ्या जोडप्याचं गणित वेगळं. कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन यांच्यासह नऊ राज्यांत संसारात मिळवलेलं ते दोघांचं, असं कायदा मानतो. कॅलिफोर्नियात संसार चालू असताना झालेल्या इजेची भरपाईही सामाईक धरली जाते. त्यामुळे अपघातानंतर नवऱ्याने एकट्याने अर्ज केला, तरी बायकोचा दावा त्याच्या इस्टेटीत ओढला जाऊ शकतो. जिने कुठेही सही केली नाही तिच्या मणक्याचे पैसे नवऱ्याच्या क्रेडिट कार्डाच्या देण्यात जावेत, हे मला अन्यायाचं वाटतं. टेक्सासने वाट काढली आहे : तिथे शारीरिक इजेची भरपाई ज्याची त्याची, बुडालेल्या कमाईचा भाग मात्र सामाईक.

बँकरप्सीच्या मालमत्तेच्या फॉर्ममध्ये, दावा लावलेला असो वा नसो, इतरांविरुद्धच्या हक्कांची नोंद मागितलेली असते. अपघाताचं उदाहरणही तिथे छापलेलं आहे. ती जागा कोरी राहिली, तर न नोंदवलेला हक्क प्रकरण बंद झाल्यावरही इस्टेटीचाच राहतो. विमा कंपनीचे वकील जुने अर्ज शोधतात आणि दावा फेटाळण्याची मागणी करतात. अटलांटाच्या अपील न्यायालयाने 2017 मध्ये, स्लेटर विरुद्ध युनायटेड स्टेट्स स्टील या नोकरीतल्या भेदभावाच्या खटल्यात, नोंद राहून गेली म्हणजे फसवण्याचाच हेतू होता असं आपोआप मानू नये, सगळी परिस्थिती पाहावी, असं ठरवलं. पण जाणूनबुजून दडवलं तर तो गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

राहून गेलेली नोंद दुरुस्त करता येते. बंद झालेलं प्रकरणही पुन्हा उघडता येतं. मालमत्ता घेणेकऱ्यांपासून वाचवण्याची संघीय सवलत निवडता येते अशा राज्यांत, न्यू जर्सी त्यातलं एक, शारीरिक इजेच्या भरपाईतले 31,575 डॉलरपर्यंत वाचवता येतात. हा आकडा एप्रिल 2025 पासूनचा. वेदनेपोटी मिळालेली रक्कम मात्र या सवलतीत बसत नाही. ट्रस्टीने दावा वसूल केला, तरी घेणेकऱ्यांचं देणं आणि खर्च भागून जे उरेल ते अर्जदाराला परत मिळतं. मोठ्या अपघातात ही उरलेली रक्कम बरीच असू शकते. म्हणून अपघाताच्या वकिलाला पहिल्याच भेटीत नवऱ्याच्या जुन्या केसचा नंबर द्यावा, आणि तो बँकरप्सीचं काम करत नसेल तर ते करणारा दुसरा वकील गाठावा.