विश्लेषण : खड्ड्यात गाडी पुढून खडखडते, दोष शॉकअपचाच असतो का?

जुनी गाडी पाहायला गेलेले बहुतेक जण इंजिनाचा आवाज ऐकतात, एसी गार होतो का ते पाहतात, रंगावरून हात फिरवतात. चाचणी फेरी होते ती सपाट डांबरी रस्त्यावर, बहुधा गाणी लावूनच. गाडी घरी येते आणि गल्लीतल्या पहिल्याच उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर पुढच्या बाजूने खडखड सुरू होते. गॅरेजवाला एक चक्कर मारून सांगतो, ‘शॉकअप गेलेत, पूर्ण सस्पेन्शन करून घ्या.’ मोठे बिल होते आणि काही वेळा आवाज तसाच राहतो. भाग बदलण्याआधी आवाजाचे निदान झालेले नसते, हे त्याचे साधे कारण.

आवाज येतो कुठून?

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचे सस्पेन्शन असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४०च्या दशकात ही रचना विकसित केली. तीत स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात बसवलेले असतात. खांबाचे वरचे टोक बॉनेटखाली रबरी माउंटिंगने बॉडीला जोडलेले असते. खाली चाकाला लोअर आर्म धरून ठेवतो. त्याचे एक टोक रबरी बुशमध्ये, तर दुसरे बॉल जॉइंटमध्ये असते. चाक वळवण्याचे काम स्टिअरिंग रॅक आणि टाय रॉड करतात. वळणावर गाडी एका बाजूला कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारी एक लोखंडी कांब असते, ती अँटी-रोल बार. तिच्या दोन्ही टोकांना लिंक रॉड असतात.

यातला प्रत्येक सांधा रबराने किंवा ग्रीस भरलेल्या गोळीने घट्ट बसवलेला असतो. रबर वाळून चिरते, गोळीवरचे रबरी टोपण फाटते. पावसाळ्यात त्यातून पाणी आणि चिखल आत जातो, ग्रीस निघून जाते आणि लोखंड लोखंडावर आपटू लागते.

सगळे आवाज सारखे नसतात का?

नसतात. आवाज कसा येतो यापेक्षा तो कधी येतो, यातून जास्त कळते. ‘खडखडते’ एवढेच सांगितले तर मेकॅनिककडेही अंदाजाखेरीज काही उरत नाही. म्हणून आधी गाडी रिकामी करा. डिकीतला जॅक, पाना, स्टेपनी, दारातल्या बाटल्या सगळे काढा किंवा घट्ट बसवा. बॉनेट उघडून बॅटरी हलते का ते पाहा. बंपरखालच्या प्लास्टिक पत्र्याची एखादी क्लिप निघालेली असते आणि तो पत्रा सस्पेन्शनच्या नावाने बिल करवून घेतो.

मग रेडिओ बंद करून, काचा खाली घेऊन, ताशी १५-२० किलोमीटरने खराब रस्त्यावरून चला. कंपाऊंडच्या भिंतीकडेने गेलात तर आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि कोणत्या चाकाकडून आला ते ओळखणे सोपे जाते. आवाज बॉडीच्या पत्र्यातून फिरतो, त्यामुळे डावीकडचा दोष उजवीकडे ऐकू येण्याचा प्रकार नेहमीचा आहे. शेजारी बसलेल्याने मोबाइलवर रेकॉर्ड केले तर तीच फाइल गॅरेजमध्ये ऐकवता येते.

पहिला संशय लिंक रॉडवर का?

जुन्या गाडीत छोट्या-छोट्या खड्ड्यांवर ‘खटखट-खटखट’ असा सुटा, हलका आवाज येत असेल आणि गाडी एरवी व्यवस्थित बसत-उठत असेल, तर लिंक रॉड आधी तपासावा. तो स्वस्त भागांपैकी आहे आणि बदलायला फार वेळ लागत नाही.

त्याची खूण सोपी आहे. अँटी-रोल बारला पीळ बसतो तो एक चाक वर आणि दुसरे खाली असताना. सरळ गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम चढली तर बार नुसता वर-खाली होतो, पीळ जवळपास नसतो. म्हणजे तिरक्या खड्ड्यात खटखट येते, पण गतिरोधक सरळ ओलांडताना ती कमी होते किंवा थांबते, असे असेल तर लिंक रॉड किंवा बारचे बुश यांवर संशय पक्का होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा. गल्लीबोळातले आपले गतिरोधक या मापात क्वचितच बसतात. त्यामुळे अनेक जण ते तिरके ओलांडतात, आणि नेमकी ही सवय निदानात गोंधळ घालते. चाचणीपुरता तरी गतिरोधक सरळ ओलांडावा.

तपासतानाही एक चूक हमखास होते. एकच चाक जॅकवर उचलले की बारला पीळ बसतो, लिंक ताणला जातो आणि सैल सांधाही घट्ट वाटतो. मेकॅनिक हलवून पाहतो आणि ‘लिंक ठीक आहे’ म्हणतो. दोन्ही चाके जमिनीवर किंवा रॅम्पवर टेकलेली असताना लिंक हाताने हलवला तर ढिलेपणा लगेच कळतो. तरी शंका राहिली तर गॅरेजमध्ये दोन्ही लिंक काढून, मोकळ्या जागेत अगदी हळू एक फेरी मारतात. आवाज गेला तर चोर सापडला. मात्र मारुती ८००सारख्या काही जुन्या गाड्यांत वेगळे लिंक नसतात. बारची टोके थेट लोअर आर्ममध्ये जातात आणि आर्मला जागेवर धरण्याचे कामही तोच बार करतो. तिथे हा प्रयोग चालत नाही, त्याच्या रबरी बुशच पाहाव्या लागतात.

ब्रेकवर हलका पाय ठेवल्याने काय कळते?

खडखडत असताना ब्रेक अगदी हलका दाबा. आवाज तिथेच थांबला तर दोष बहुधा सस्पेन्शनचा नसून ब्रेकचा आहे. कॅलिपरच्या पिना झिजलेल्या असतात किंवा पॅड धरणारी छोटी क्लिप, जी मागच्या वेळी पॅड बदलताना कोणीतरी फेकून दिलेली असते, ती नसते.

याउलट ब्रेक मारताना किंवा क्लच सोडून गाडी निघताना एकच जड ‘धप्प’ येत असेल तर लोअर आर्मचे बुश किंवा इंजिन माउंटिंग पाहावे. गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर स्प्रिंग ‘टण्ण’ वाजत असेल तर स्ट्रटचे वरचे माउंटिंग. शॉकअपचे लक्षण आवाजापेक्षा हालचालीत दिसते. त्यावर तेल ओघळलेले असते आणि खड्ड्यानंतरही गाडी दोन-तीनदा झुलत राहते. खडखडीला सर्वात आधी ज्याचे नाव घेतले जाते, तो शॉकअप प्रत्यक्षात अनेक संशयितांपैकी एक आहे, इतकेच.

धोका कोणत्या आवाजात आहे?

लिंक रॉड वाजतो तेव्हा त्रास होतो, पण तो महिनाभर वाजत राहिला म्हणून चाक निखळत नाही. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड यांचे तसे नाही. बॉल जॉइंट सुटला तर चाकाचा खालचा आधारच जातो आणि चाक वाकडे होऊन गाडी जागीच बसते. टाय रॉड एंड सुटला तर एक चाक स्टिअरिंगचे ऐकत नाही. आणि कटकट अशी की, सुरुवातीला यांचा आवाज लिंक रॉडसारखाच हलका असू शकतो. म्हणून ‘चालवून पाहू थोडे दिवस’ हा निर्णय चाक उचलून पाहिल्यानंतर घ्यावा, आधी नाही.

तपासणीसाठी चाक अधांतरी करतात. घड्याळातल्या १२ आणि ६च्या जागी धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग. ९ आणि ३च्या जागी खेळ असेल तर टाय रॉड, रॅक किंवा पुन्हा बेअरिंग. तेवढ्यात दुसऱ्याने ब्रेक दाबून धरला आणि खेळ नाहीसा झाला, तर दोष बेअरिंगचा. खेळ राहिला तर सांध्याचा. हे घरी करायचे असेल तर नुसत्या जॅकवर भिस्त ठेवू नये. गाडीखाली घोडी लावलेली असावी आणि अंग गाडीखाली घालू नये. चाचणी फेरीतच अशी खडखड ऐकू आली तर सौदा पक्का करण्याआधी गाडी रॅम्पवर चढवायला मालकाला सांगावे. मालक नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे.

नवे भाग टाकूनही आवाज का येतो?

बहुधा बसवण्यात घाई झालेली असते. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकत असताना आवळले तर गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवे बुश लवकर फाटते. शेवटचा आवळा गाडी चाकांवर उभी असतानाच द्यायला हवा. स्ट्रटच्या वरचा नट अर्धवट आवळलेला राहणे, हा दुसरा प्रकार. शॉकअप नेहमी जोडीने बदलतात, लिंकही जोडीनेच बदललेले बरे. लोअर आर्म, स्ट्रट किंवा टाय रॉडला हात लागला असेल तर व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावे आणि काढलेले जुने भाग गॅरेजमधून मागून घ्यावेत. जुना बॉल जॉइंट बोटाने फिरवला तरी तो खरेच गेला होता का, हे कळते.